घरफाळ्याचे माप

कायद्याच्या भाषेत त्याला मालमत्ता कर म्हणतात. कोल्हापूरकरांच्या तोंडी मात्र तो घरफाळाच असतो. ‘फाळा’ या शब्दात वाटणीचा, प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या हिश्शाचा अर्थ आहे. गावाचा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा आणि ज्याच्या त्याच्या घराच्या मानाने ज्याचा त्याचा हिस्सा ठरवायचा, ही कल्पना त्या एका शब्दात सामावलेली आहे. वाटणी म्हटली की तिला माप लागते, आणि माप म्हटले की ते बरोबर आहे की नाही हा प्रश्न उभा राहतो.

व्यापारी घराला हा प्रश्न नवा नाही. दुकानात आलेले प्रत्येक बिल तेथे दोनदा वाचले जाते. हमालीचा आकडा, वाहतुकीचा दर, पोत्यांची संख्या, सगळे कीर्दीशी ताडून पाहिल्यावाचून पैसे सुटत नाहीत. परंतु घरफाळ्याचे बिल आले की त्याच घरातील हिशेबी माणूस फक्त शेवटची रक्कम पाहतो. ती नेहमीइतकी असली तर भरून मोकळा होतो, फुगलेली दिसली तर चार जणांपाशी त्रागा करतो. पुढे कोणी निमूटपणे भरतो, कोणी थकवतो, तर कोणी ‘जमवून देणारा’ माणूस शोधतो. आकारणीविरुद्ध रीतसर तक्रार आणि पुढे अपील करण्याचा मार्ग कायद्याने प्रत्येक मिळकतधारकाला दिलेला आहे, हे अनेकांना ठाऊक असते. तो चोखाळणारे थोडे.

त्यामागे केवळ आळस नाही. ‘कराविरुद्ध तक्रार करणे म्हणजे कर टाळणे’ असा एक संकोच धार्मिक वृत्तीच्या घरांत असतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत आणि हा ग्रंथ दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. आजच्या स्वाध्यायात राज्याच्या न्याय्य नियमांचे उल्लंघन, करचुकवेगिरी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. त्याच यादीत ‘हीनाधिकमानोन्मान’ही आहे. घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे माप लहान ठेवणे, असा हा दोष. हे दोन्ही अतिचार एकत्र ठेवून पाहिले म्हणजे संकोचाचे उत्तर मिळते. कर चुकवणे हा जसा दोष, तसे खोट्या मापाने व्यवहार होऊ देणे हाही दोषच. खोट्या मापाविरुद्ध बोलणारा माणूस व्रत मोडत नाही. मात्र त्याला माप दोन्ही बाजूंनी तपासावे लागते, आणि घरफाळ्याच्या तक्रारीत खरी कसोटी तेथेच लागते.

घराच्या करावरून सरकार आणि मिळकतधारक समोरासमोर येणे ही गोष्ट जुनी आहे. कंपनी सरकारने १८१० साली घरांवर कर बसवला तेव्हा काशीच्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी दुकाने व कामे बंद ठेवून त्याला विरोध केला होता. कोल्हापूरच्या जैन समाजाला अधिक जवळचे उदाहरण आहे ते दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे यांचे. १८७८ साली कुरुंदवाड येथे जन्मलेले लठ्ठे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आघाडीचे कार्यकर्ते होते. राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. कोल्हापूर संस्थानचे ते दिवाणही होते. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि लठ्ठे त्याचे अर्थमंत्री झाले.

त्या मंत्रिमंडळाने दारूबंदीचा निर्णय घेतला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत ती अमलात आली. मद्यत्याग ज्या समाजात मूलगुण मानला जातो, त्या समाजातील अर्थमंत्र्याच्या काळात हे घडले, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही. परंतु दारूपासून मिळणारे अबकारीचे मोठे उत्पन्न गेले, ते भरून कसे काढायचे? लठ्ठे यांनी मुंबई, अहमदाबादसारख्या शहरांतील स्थावर मिळकतींवर वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत नवा प्रांतिक कर सुचवला आणि तो मंजूर झाला. त्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांत पारशी, मुसलमान, हिंदू आणि जैन असे सर्व समाजांतील घरमालक होते. मद्यबंदीचे मनापासून स्वागत करणाऱ्या घरातही त्या कराचे बिल आले असेल. चांगल्या कामाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न त्या बिलाबरोबर प्रत्येक उंबऱ्याशी आला.

घरमालकांनी दगड उचलले नाहीत. ते न्यायालयात गेले. सर बायरामजी जीजीभॉय विरुद्ध मुंबई प्रांत या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. भाडेमूल्यावर आकारलेला हा कर म्हणजे खरे तर उत्पन्नावरील कर आहे आणि तो बसवण्याचा अधिकार प्रांताला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते मानले नाही. कर जमिनीवर आणि इमारतीवर आहे. वार्षिक भाडेमूल्य हे तो मोजण्याचे केवळ माप आहे, मालकाचे उत्पन्न नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. घरमालक हरले, पण त्यांच्या त्या लढ्यातून एक गोष्ट कायमची स्पष्ट झाली. ज्या घरातून एक पैचेही भाडे येत नाही, त्या राहत्या घरालाही घरफाळा का लागतो, याचे उत्तर त्या निकालात आहे. माप आणि मापली जाणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मापाविरुद्ध दाद मागणारे नेहमीच हरले असेही नाही. अहमदाबादेत मोकळ्या जमिनींवर त्यांच्या भांडवली किमतीच्या टक्केवारीने कर बसवला गेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्यात असलेल्या ‘रेट’ या शब्दाला वार्षिक भाडेमूल्याचाच आधार आहे, भांडवली किमतीवर तो थेट आकारता येणार नाही, असे न्यायालयाने १९६३ साली पटेल गोरधनदास हरगोविंददास यांच्या खटल्यात सांगितले. पुढे भाडेनियंत्रणाखालील घरांचा प्रश्न आला. दिवाण दौलतराय कपूर यांच्या दिल्लीच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, कायद्याप्रमाणे जे प्रमाणित भाडे मिळू शकते त्याच्या पलीकडे जाऊन घराचे भाडेमूल्य धरता येत नाही. जुन्या भाडेकरूंनी भरलेल्या पेठांतील वाड्यांना या निकालाचा मोठा आधार होता.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १९७२ साली तिची महानगरपालिका झाली. आज तिला लागू असलेला कायदा १९४९ चा असून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने तो ओळखला जातो. त्यातील जुनी पद्धत समजायला सोपी आहे. घर वर्षाला वाजवी किती भाड्याने जाऊ शकेल ते ठरवायचे. त्यातून दुरुस्ती वगैरे सर्व गोष्टींबद्दल एकदाच दहा टक्के वजा करायचे. उरलेले ते करयोग्य मूल्य. उदाहरणार्थ, महिना ५,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे ६०,००० होतात. दहा टक्के वजा जाता ५४,००० उरतात. त्यावर निरनिराळ्या करांची टक्केवारी लागते. २०१० च्या सुधारणेनंतर महाराष्ट्रातील महापालिकांना भांडवली मूल्याच्या आधारावरही कर बसवता येऊ लागला. त्या पद्धतीत शासनाच्या बाजारमूल्य तक्त्यातील दर मुळाशी असतो आणि त्याला क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय यांचे गुणक लागतात. म्हणून नोटीस हाती आल्यावर पहिला प्रश्न रकमेचा नसावा. आकारणी कोणत्या पद्धतीने झाली आहे आणि त्या पद्धतीत आपल्या घराबद्दल कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हा पहिला प्रश्न असावा. दर ठरवणे सभागृहाच्या आणि शासनाच्या हाती असते. एकट्या घरमालकाच्या तक्रारीने तो बदलत नाही. क्षेत्रफळ, वापर, वय आणि भोगवटा या नोंदी मात्र त्याच्याच घराच्या असतात, आणि तक्रारीत बहुधा त्यांवरच यश येते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी शाहूपुरीतील एखादे घर कल्पावे. १८९५ साली शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ आहेत. वडील गेले, दोन भाऊ एकत्र राहिले, खालच्या दुकानात धान्याचा व्यापार चालू राहिला. एके दिवशी मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस येते. धाकटा भाऊ ती घेऊन वर येतो आणि म्हणतो, “अण्णा, फाळा जवळजवळ दीडपट झाला की! काहीतरी चुकलंय.”

थोरला भाऊ नोटीस बाजूला ठेवत नाही. आधी ती कोणत्या तारखेला हाती आली हे तो पाकिटावर लिहून ठेवतो, कारण तक्रारीची मुदत नोटिशीत दिलेली असते आणि ती एकदा गेली की खरे म्हणणेही ऐकवणे कठीण होते. मग आकारणीचा उतारा मागवला जातो. त्यात वरच्या मजल्याचे क्षेत्र १,५१० चौरस फूट लिहिलेले असते. वडिलांच्या खरेदीखतात आणि मंजूर नकाशात ते १,१५० आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. दोघे भाऊ टेप घेऊन खोली खोली मोजतात. माप नकाशाशी जुळते. चूक सापडल्याचा आनंद धाकट्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

पण मोजणी करताना दुसरीही गोष्ट पुढे येते. दुकानाच्या मागे बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी एक खोली आहे. तिथे पोत्यांच्या थप्प्या असतात. ही १८० चौरस फुटांची खोली उताऱ्यात कुठेच नाही. ती कोणी लपवली नव्हती; मोजणी करणाऱ्याच्या नजरेतून ती निसटली, इतकेच.

आता घरात खरा प्रश्न उभा राहतो. धाकटा म्हणतो, “अण्णा, वरच्या मजल्यापुरताच अर्ज करूया. मागच्या खोलीचं कोणी विचारलेलं नाही. आपण होऊन सांगायचं म्हणजे आपल्याच हातानं फाळा वाढवून घेण्यासारखं आहे.” ओळखीचे एक गृहस्थ त्याहून पुढे जातात. अर्ज केला की पाहणीला माणूस येईल, तो खोली पाहील, त्यापेक्षा अर्जच करू नका. थोडे पैसे खर्चा, वरच्या मजल्याचे मी पाहून घेतो, असा त्यांचा सल्ला असतो. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. निवासी जागेपेक्षा व्यापारी वापराच्या जागेची आकारणी जास्त असते. खोली उघड झाली तर वरच्या मजल्यावरील सवलतीचा मोठा भाग ती खाऊन टाकेल.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द महत्त्वाचा ठरतो. आई दोघांचे ऐकून घेते आणि एवढेच विचारते, “दुकानातल्या काट्यावर वैधमापनवाले येऊन शिक्का मारून जातात, तेव्हा काय सांगता त्यांना? गिऱ्हाइकाला कमी देतो तेवढंच बघा, जास्त जातं ते बघू नका, असं सांगता का?” धाकट्याकडे उत्तर नसते. काटा खोटा असला तर तो कोणत्या बाजूला झुकतो याने फरक पडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. दशलक्षण पर्वात उत्तम आर्जवाचा दिवस दरवर्षी येतो. मन, वचन आणि कृती यांत वक्रता नसणे म्हणजे आर्जव, हे त्या दिवशी सर्वजण ऐकतात. पर्व संपल्यावर ते ऐकलेले कुठे वापरायचे, हे मात्र अशा एखाद्या नोटिशीमुळेच कळते.

शेवटी एकच अर्ज लिहिला जातो आणि त्यात दोन्ही गोष्टी असतात. वरच्या मजल्याचे क्षेत्र चुकीचे नोंदले आहे, ते दुरुस्त करावे. खालच्या मजल्यावरील मागच्या खोलीची नोंद राहून गेली आहे, तीही घ्यावी. सोबत खरेदीखत, मंजूर नकाशा, नगर भूमापन कार्यालयाकडील मालमत्ता पत्रक, मागील बिले आणि स्वतः केलेल्या मोजणीचा तक्ता जोडला जातो. अर्ज आयुक्तांच्या नावे लेखी दिला जातो आणि त्याच्या प्रतीवर पोच घेतली जाते. पोच नसलेला अर्ज म्हणजे पावती नसलेली उधारी. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायद्याप्रमाणे अशा तक्रारीच्या सुनावणीचा दिवस ठरवून तक्रारदाराला कळवला जातो, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि निकालाप्रमाणे आकारणीच्या नोंदवहीत दुरुस्ती होते. सुनावणीला जाणाऱ्याने तावातावाने बोलण्याची गरज नसते. शेजाऱ्याचा फाळा किती कमी आहे, रस्त्यावर खड्डे किती आहेत, पाणी किती वेळ येते, या तक्रारी खऱ्या असल्या तरी तेथे त्यांचा उपयोग नसतो. तेथे प्रश्न एकच असतो: या घराबद्दलच्या नोंदी बरोबर आहेत का? ज्याने आपल्या विरुद्ध जाणारी नोंदही स्वतःहून सांगितली, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर समोरच्या माणसाचा विश्वास सहज बसतो. थोरल्या भावाने हा फायदा मनात धरून खोली दाखवली नव्हती, पण तो फायदा त्याला मिळतो.

निकाल असा लागतो: वरचा मजला १,१५० चौरस फूट, आणि मागची १८० चौरस फुटांची खोली व्यापारी वापराची. नोटिशीतील रकमेपेक्षा फाळा खाली येतो. गेल्या वर्षीच्या मानाने मात्र तो थोडा वाढलेलाच असतो. धाकटा भाऊ हिशेब करतो आणि म्हणतो, “म्हणजे अण्णा, आपण तक्रार केली आणि फाळा वाढला!” थोरला उत्तर देतो, “वाढला नाही रे, बरोबर झाला. आता कोणीही मोजायला आलं तरी दार उघडताना छाती धडधडणार नाही.”

निकाल न पटणाऱ्यासाठी पुढची पायरी आहे. अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्यासाठी मुदत फक्त पंधरा दिवसांची असते. आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि वादातील कराची रक्कम महापालिकेकडे भरलेली असावी लागते. ही शेवटची अट अनेकांना अन्यायाची वाटते. आधी पैसे भरायचे आणि मग ते चुकीचे आहेत असे सांगायचे, हा कुठला न्याय? हाच प्रश्न अहमदाबादच्या मिल-मालकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. १९७५ साली अनंत मिल्स प्रकरणात न्यायालयाने ती अट वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, म्हणून त्याला अटी घालण्याचा अधिकारही कायद्याला आहे, असे त्याचे म्हणणे होते. शहराचे दिवे आणि पाणी वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत, हे व्यवहारातले कारण तर उघडच आहे.

वाद चालू आहे म्हणून कर थकवणे त्यामुळे शहाणपणाचे नाही. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. १०,००० रुपये थकले तर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये वाढत जातात. एवढ्या व्याजाने कोणी सावकाराकडून पैसे उचलणार नाही. हरकत नोंदवून रक्कम भरावी आणि दाद मागत राहावे, हा मार्ग सुरक्षित आहे. आणखी एक गोष्ट वाटणीच्या घरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. घरफाळ्याच्या बिलावर नाव असणे हा मालकीचा पुरावा नव्हे. कर कोणाकडून घ्यायचा यासाठी ती नोंद असते. तक्रारीच्या निमित्ताने एका भावाचे नाव काढून दुसऱ्याचे लावण्याची घाई करू नये. मालकीचा वाद वेगळा आणि मापाचा वाद वेगळा. दोन्ही एका अर्जात कालवले की घर दुभंगते आणि फाळाही दुरुस्त होत नाही.

मंदिरांच्या विश्वस्तांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. केवळ सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला किंवा तिच्या तेवढ्या भागाला कलम १३२ प्रमाणे सर्वसाधारण करातून सूट आहे. गाभारा आणि सभामंडप सूट मिळण्याजोगे असतात. त्याच आवारात रस्त्याच्या बाजूला असलेल्या दुकानगाळ्यांचा विचार स्वतंत्रपणे होतो. घरातले खाजगी चैत्यालय कितीही श्रद्धेने सांभाळलेले असले तरी ते सार्वजनिक पूजास्थान ठरत नाही. धर्माच्या नावाखाली गाळ्यांची नोंद दडवणारा विश्वस्त संस्थेचे चार पैसे वाचवतो, पण ज्या मूर्तीसमोर अचौर्याचे व्रत घेतले जाते त्याच मूर्तीच्या आवारात ते मोडतो. याउलट सूट असलेल्या भागावर कर लागला असेल आणि विश्वस्त गप्प बसले असतील, तर तेही कर्तव्याला चुकतात, कारण तो पैसा त्यांचा नसून संघाचा असतो.

ही सर्व चर्चा केवळ काही हजार रुपयांची आहे, असे कोणी म्हणू शकेल. पण शहराच्या तिजोरीचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. नाक्यावर गाडी अडवून वसूल होणारा पैसा थांबला आणि शहराच्या हाती स्वतःचे म्हणून जे थोडे उत्पन्न उरले, त्यात घरफाळ्याचे महत्त्व वाढले. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. हद्दवाढीचा विषय निघाला की आसपासची गावे विरोध करतात आणि त्या विरोधात वाढीव घरफाळ्याची भीतीही असते. ही भीती घालवायची असेल तर आकारणी खरी आहे असा विश्वास लोकांना वाटायला हवा. तो विश्वास कार्यालयाने निर्माण करायचा, हे खरेच; पण नोंदी सुधारून घेणारे आणि निसटलेल्या नोंदी दाखवणारे मिळकतधारक नसतील तर तो एकट्या कार्यालयाला साधणार नाही. एकाने चुकवलेला हिस्सा दुसऱ्याच्या फाळ्यात जातो. वाटणीचा नियमच तसा आहे.

पुढच्या वेळी घरफाळ्याची नोटीस आली की तिच्यातील शेवटच्या रकमेआधी क्षेत्रफळाचा रकाना वाचावा, वापराचा रकाना वाचावा, आणि कपाटातला टेप काढून घर एकदा मोजावे. मुलांना टेपचे दुसरे टोक धरायला लावावे. आकडे आपल्याविरुद्ध चुकले असतील तर निःसंकोच लिहावे, आपल्या बाजूने चुकले असतील तर तेही त्याच कागदावर लिहावे. त्या मुलांना पुढे दुकानाच्या काट्यावर बसायचे आहे.